टोलनाका दिसण्याआधी करार दिसला पाहिजे



गटार कुणाच्या दारावरून न्यायचे यावर आपण पारावर दोन-दोन तास बोलतो, पण ग्रामसभेची दवंडी झाली की शेताची वाट धरतो. या सवयीची किंमत किती पडते, हे कोल्हापूरकरांना विचारावे.

शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ आमचे मेहुणे राहतात. त्यांच्याकडे गेलो की टोलचा विषय निघतोच. 2008 साली महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि खाजगी कंपनी यांच्यात करार झाला. शहरातले सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते, खर्च सुमारे 220 कोटी. बदल्यात कंपनीला 30 वर्षे टोलवसुली, शिवाय टेंबलाईवाडीची जागा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. मेहुणे म्हणतात, "दाजी, ह्यातलं एक कलम आम्ही वाचलं न्हवतं. नाके उभे राहिले तवा जागे झालो."

मग मात्र शहर पेटले. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसे रस्त्यावर आली, पेठापेठांतल्या तालमी आणि मंडळे उतरली. अखेर डिसेंबर 2015 मध्ये सरकारने टोल रद्द केला. तो दिवस बघायला पानसरे नव्हते. त्यांच्यावर त्याच वर्षी फेब्रुवारीत गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. लढा जिंकला, पण रस्त्यांचे पैसे सरकारी तिजोरीवर आलेच, म्हणजे फिरून आपल्याच खिशावर. कराराचा मसुदा सभागृहापुढे असतानाच पंचवीस माणसांनी प्रश्न विचारले असते तर? मेहुण्यांकडेही याचे उत्तर नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जो आकडा कमी तो. म्हणजे शंभर जण बसले तर कागद पुढ्यात मागता येतो. कामाचे अंदाजपत्रक किती, ठेका कुणाला, मुदत कधीची, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ.

तोंडी उत्तर मिळेना, तर माहितीचा अधिकार आहे (कायदा 2005 चा). अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत, 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. "भ्रष्टाचार झाला का?" असे विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. "अमुक रस्त्याच्या मोजमाप पुस्तकाची प्रत द्यावी" असे लिहावे. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करावे. पोहोच मात्र जपून ठेवा. आमच्या एका सभासदाची ती कपड्यांबरोबर धुतली गेली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून.

कारखान्याचा अहवालसुद्धा सभेआधी आपल्याला मिळतो. त्यावर चहाचा कप ठेवायचा आणि सभेत "मंजूर, मंजूर" ओरडायचे, हे आपणच करतो. यंदा निदान ताळेबंदाची पाने उघडून बघा. न कळलेला आकडा पेन्सिलीने गोल करून सभेला घेऊन या.