हेडसेट, विसाव्या दिवशी

आभासी वास्तवाचा हेडसेट म्हणजे डोळ्यांपुढे काही सेंटिमीटरवर बसवलेले छोटे पडदे, त्यांच्या अलीकडे भिंगे, आणि डोके कुठे वळले ते टिपणारे कॅमेरे व संवेदक. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की लांब-जवळचा भास मेंदू आपोआप तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये दाखवून दिले होते. व्ह्यूमास्टरची चकती खटकन फिरवत चित्रे पाहिलेल्या पिढीला ते वेगळे समजवायला नको. संगणकाला जोडलेले, डोक्यावर घालायचे यंत्र आयव्हन सदरलँडने १९६८ मध्ये केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. वजनाचा तो प्रश्न अजून सुटलेला नाही. फक्त छताच्या जागी मान आली.

तेव्हापासून दर काही वर्षांनी 'आता हे घराघरात जाणार' अशी दवंडी पिटली जाते. निन्टेन्डोचा व्हर्च्युअल बॉय १९९५ मध्ये आला आणि लाल-काळ्या चित्रांनी डोकी दुखवून वर्षभराच्या आत गुंडाळला गेला. २०१२ मध्ये ऑक्युलस या छोट्या कंपनीने लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर उभे केले. २०१४ मध्ये फेसबुकने ती २ अब्ज डॉलरना विकत घ्यायचे ठरवले. गूगल ग्लासची १,५०० डॉलरची आवृत्ती २०१५ च्या जानेवारीत बंद झाली. मॅजिक लीपने २ अब्ज डॉलरहून जास्त भांडवल गोळा करून २०१८ मध्ये २,२९५ डॉलरचे यंत्र आणले आणि दोन वर्षांत सामान्य ग्राहकाचा नाद सोडला. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ च्या फेब्रुवारीत ३,४९९ डॉलरना विक्रीस आला. फेसबुकने तर २०२१ मध्ये स्वतःचे नावच बदलून मेटा केले, आणि हेडसेट बनवणाऱ्या त्यांच्या विभागाचा एकट्या २०२४ चा तोटा १७ अब्ज डॉलरच्या वर गेला. पैसा, बुद्धी, जाहिरात, कशाचीच कसूर झालेली नाही.

अडचण दुकानात दिसत नाही, कारण दुकानात यंत्र जास्तीत जास्त दहा मिनिटे डोक्यावर असते. तिथे विक्रेता पट्टा आवळून देतो, भिंगे पुसलेली असतात, बॅटरी भरलेली असते, जागा मोकळी असते आणि दाखवायला सर्वांत भारी तेच लावलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या घरी अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून असा एक हेडसेट आला. पहिल्या संध्याकाळी शेजारपाजार धरून अकरा जणांनी तो घातला. मावशींनी कड्याच्या टोकावर उभे असल्यागत सोफ्याचा हात घट्ट धरला, पुतण्याचा ठोसा शोकेसच्या काचेला लागला, आणि सगळे जण हसून हसून दमले. विसाव्या दिवशी तो काढला तेव्हा बॅटरी शून्यावर होती. चार्जिंग झाल्यावर अपडेट सुरू झाले, मग खेळायच्या जागेची हद्द पुन्हा आखायला सांगितले गेले, हातातल्या एका कंट्रोलरचा सेल संपला होता. तोवर कुकरच्या शिट्ट्या झाल्या. अशा वस्तूचा खरा निकाल लागतो तो या विसाव्या दिवशी, आणि त्या दिवशीचे काहीच जाहिरातीत नसते.

पहिले कारण शरीराचे. घाटात एसटीमध्ये पुस्तक वाचणाऱ्याला गाडी लागते, कारण कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतोय आणि डोळे सांगतात की पान स्थिर आहे. हेडसेटमध्ये नेमके उलटे होते: डोळ्यांपुढे आगगाडी सुसाट पळते आणि अंतर्कर्ण म्हणतो, आपण खुर्चीत बसलोय. परिणाम तोच: घाम, मळमळ, ओकारी. चित्र सेकंदाला ९० वेळा बदलले आणि डोके वळल्यापासून चित्र वळेपर्यंतचा विलंब २० मिलिसेकंदांच्या आत ठेवला तर त्रास पुष्कळ कमी होतो, पण बसल्या जागी धावण्याचा भास देणाऱ्या खेळांत तो राहतोच. एसटीत निदान खिडकी उघडता येते.

त्याहून हट्टी अडचण डोळ्यांची आहे. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातले भिंग जवळचे स्पष्ट दिसेल असे बदलते. या दोन क्रिया जन्मभर जोडीने चालतात. हेडसेटमध्ये फुलपाखरू नाकासमोर आले तर डोळे आत वळतात, पण प्रकाश मात्र भिंगांमुळे एक-दोन मीटरवरच्या पडद्यावरून आल्यासारखाच येत राहतो, म्हणून डोळ्यातल्या भिंगाला तिथेच थांबावे लागते. अर्ध्या तासाने कपाळ जड होते ते यामुळेही. यावर प्रयोगशाळेत उपाय आहेत; दुकानात अजून नाहीत.

मग चेहरा. मेटाचा २०२३ चा क्वेस्ट ३ सुमारे ५१५ ग्रॅमचा, व्हिजन प्रो ६०० ग्रॅमच्या वर, आणि त्याची बॅटरी वायरने वेगळी खिशात. अर्धा किलो साखर हातात जड वाटत नाही. तीच कपाळावर, तीही पुढच्या बाजूला बांधली की मानेला कळते. मे महिन्यात पंख्याखाली बसूनही आतला फोम भिजतो. लेखकाच्या घरी दुसऱ्याच आठवड्यात त्यावर खोबरेल तेलाचा आणि कुंकवाचा डाग होता, आणि तिसऱ्या माणसाने तो डोक्याला लावायला नको म्हटले. फोम ही बाब किरकोळ नाही: २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोममुळे चेहऱ्याला पुरळ आल्याच्या तक्रारी झाल्या आणि अमेरिकेत सुमारे ४० लाख फोम परत मागवावे लागले. चष्मेवाल्यांचे हाल वेगळेच. फ्रेम आत दाबली जाते, काचेवर वाफ धरते आणि चष्म्याच्या काचेने हेडसेटच्या भिंगावर चरे पडतात.

जागेचा हिशोब तर आपल्याकडे आधीच चुकतो. उभे राहून वावरण्याच्या खेळांना साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जमीन लागते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा, दिवाण, टीपॉय आणि कपड्यांचा स्टँड यांच्यामधून एवढी जागा काढायची तर रोज सामान हलवावे लागते, आणि हात वर केला की पंखा आहेच.

चौथी गोष्ट संगतीची. टीव्हीवर चौघे मिळून मॅच बघतात, फोन मान वर करून बाजूला ठेवता येतो. हेडसेट घातलेला माणूस घरात असून नसतो. त्याला हाक मारली की दचकतो, आणि तो काय बघतोय हे इतरांना दिसत नाही. टीव्ही कंपन्यांनी चष्मे लावून बघायचे थ्रीडी टीव्ही आणले होते. घरच्यांनी चष्मे लावून बसायला नकार दिल्यात जमा होते आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते बनवणे थांबवले. एवढे सोसून मिळते काय, तर काही उत्तम खेळ, व्यायाम, आणि एकट्याने बघायचा मोठा पडदा. रोज सकाळी ज्यावाचून अडेल असे काम त्यात नाही. फोनमध्ये ते होते, म्हणून फोन महाग असतानाही लोकांनी घेतला.

खऱ्या जगावर चित्र चढवणाऱ्या पारदर्शक चष्म्यांची, म्हणजे संवर्धित वास्तवाची, गोष्ट अधिक अवघड. असा चष्मा बाहेरच्या प्रकाशात आणखी प्रकाश मिसळतो. काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे त्याला काळा रंग दाखवता येत नाही आणि उन्हात चित्र फिके पडते. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या होलोलेन्समध्ये चित्र जेमतेम ३० अंश रुंदीत दिसे, तर माणसाची नजर आडवी २०० अंशांच्या आसपास पसरते. टपालपेटीच्या फटीतून बघावे तसे. गूगल ग्लासला आणखी एक गोष्ट नडली: समोरच्याच्या कपाळाशी कॅमेरा आहे हे लोकांना सहन होईना, काही बारनी तर प्रवेशच नाकारला. गंमत अशी की पुढे खपला तो मेटा आणि रे-बॅन यांचा २०२३ चा चष्मा, ज्यात पडदाच नव्हता. तो दिसायला चष्म्यासारखा होता आणि घालणाऱ्याला चारचौघांत वेडे ठरवत नव्हता. कॅमेरा मात्र त्यातही होता, आणि तो प्रश्न मिटलेला नाही.

जिथे पैसे मालक देतो, काम ठरलेले असते आणि यंत्र पुसून ठेवायला माणूस असतो, तिथे ही यंत्रे बरी चालतात: वैमानिकांचे प्रशिक्षण, शस्त्रक्रियेचा सराव, कारखान्यातली जुळणी. तिथलेही भवितव्य पक्के नाही. होलोलेन्सचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले.

घ्यायचाच असेल त्याने दुकानात किंवा मित्राकडे सलग चाळीस मिनिटे, स्वतःचा चष्मा लावून, बसून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे तो घालून बघावा. मळमळ सुरू झाली तर जिद्दीने पुढे रेटू नये, थांबावे. दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, पण माणसागणिक बदलते. हेडसेटची भिंगे आपल्या अंतराला जुळवता येतात का ते विचारावे. लहान मुलांसाठी उत्पादकाची वयाची अट वाचावी. सोनी १२ वर्षांखालच्यांना नको म्हणते. परदेशातून आणवलेल्या यंत्राची वॉरंटी बहुधा इथे चालत नाही. भाच्याच्या बॅगेतल्या कंट्रोलरचे बटण चौथ्या महिन्यात अडकले तेव्हा कंपनीचे उत्तर सभ्य होते आणि निरुपयोगी.

यंत्र कुणाच्या सॉफ्टवेअरवर चालते हेही बघावे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली मिक्स्ड रिॲलिटीची सोय २०२४ च्या आवृत्तीतून काढून टाकली, आणि एचपी, एसर यांचे तिच्यावर चालणारे हेडसेट धडधाकट असून नव्या विंडोजवर निकामी झाले. जुना हेडसेट स्वस्तात मिळतो तो पुष्कळदा अशाच कारणाने.

घरी आल्यावर फोमवर धुता येणारे आवरण घालावे, भिंगे कोरड्या मऊ कापडाने पुसावीत आणि यंत्र उन्हात कधीच ठेवू नये. भिंगे उलट्या दिशेने बहिर्वक्र काचेचे काम करतात आणि खिडकीतले ऊन पडद्यावर एका बिंदूत गोळा करतात. लेखकाच्या घरचा हेडसेट एका सकाळी पश्चिमेच्या खिडकीच्या कठड्यावर विसरला गेला. संध्याकाळी उचलला तेव्हा उजव्या डोळ्याच्या पडद्यावर तिळाएवढा पिवळा डाग पडला होता. कोणताही खेळ लावला तरी तो आकाशात डावीकडे वर दिसतो.