घरातला आजार आणि कामावरचा खाडा



या पानावर आम्ही बहुतेक वेळा रोगांविषयी लिहितो. या अंकात रोग्याची सेवा करणाऱ्यांविषयी लिहीत आहोत. आपल्या वस्तीत कुणाच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले असतात, कुणाच्या नवऱ्याचे डायलिसिस चालू असते, कुणाचे मूल जेमतेम वर्षाचे असते. त्यांचे सगळे करणारी व्यक्ती बहुधा कामावरही जात असते. कुणी साफसफाईला, कुणी घरकामाला, कुणी गारमेंटमध्ये, कुणी वॉचमनच्या पाळीवर. घरात आजार वाढला की खाडा होतो. दोन-चार खाडे झाले की मुकादम म्हणतो, "उद्यापासून येऊ नको."

मजुरी थांबली की उपचारही अडतो. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, परंतु खुराक आणि गाडीभाडे मजुरीतूनच निघते. साधा क्षयरोग असला तरी औषधे बहुधा सहा महिने चालतात. ती मध्येच सुटली तर नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षयरोग होण्याचा धोका असतो. म्हणून सेवा करणाऱ्याची नोकरी टिकणे हा उपचाराचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

खाडे तीन प्रकारचे

सगळे खाडे सारखे नसतात. प्रकार ओळखला तर मालकाने काय करायचे आणि आपण काय मागायचे हे नेमके ठरते.

१) आधीच ठाऊक असलेला खाडा. डायलिसिस बहुतेक रुग्णांना आठवड्यातून दोन-तीन वेळा लागते. एका वेळेला सुमारे चार तास जातात, शिवाय येणे-जाणे. पण वार ठरलेले असतात. येथे मालकाने जादा सुट्टी द्यावी असेही नाही. त्या दिवशी दुपारची पाळी द्यावी किंवा साप्ताहिक सुट्टी त्या वाराला बांधून द्यावी. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लावावा आणि आयत्या वेळी बदलू नये. दोन कामगारांनी आपसात पाळी बदलली तर ती हजेरीपुस्तकात नोंदवावी.

२) रोजची ओढाताण. लकवा झालेल्या, हलता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर माकडहाड, टाचा, कुल्हे येथे जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. अशा घरातल्या कामगाराला सुटण्याची वेळ पक्की असणे हीच मोठी मदत. शेजारीण सहापर्यंत थांबणार असेल आणि ठेकेदाराने आठपर्यंत अडकवले, तर रोगी दोन तास तसाच पडून राहतो. मालकाने जबरदस्तीचा ओव्हरटाइम देऊ नये. शक्य असेल तेथे घराजवळचा बीट किंवा साइट द्यावी. सकाळी अर्धा तास उशीर झाला तर तो संध्याकाळी भरून घ्यावा, पूर्ण दिवस कापू नये.

३) अचानकचा खाडा. फिट येते, म्हातारी घसरून पडते, लेकराला रात्रीत ताप चढतो. अशा घरच्या कामगाराला फोन जवळ ठेवू द्यावा. फोन बाहेर जमा करून घ्यायचा नियम असेल तर सुपरवायझरचा नंबर घरी द्यावा आणि निरोप लगेच पोहोचवावा. अर्धा दिवस काम झाले असेल तर अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी. उचल दिली तर ती छोट्या हप्त्यांत कापावी.

यात मालकाचेही हित आहे. आधी कळलेल्या खाड्याला बदली माणूस मिळतो. न कळलेल्या खाड्याने काम बंद पडते. रात्रभर जागलेला माणूस मशीनवर किंवा उंचावर चढवला तर अपघात होतो. त्या दिवशी त्याला जमिनीवरचे, हलके काम द्यावे.

कायद्यात काय आहे, काय नाही

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते, की आईला मिळणारी विश्रांती देशाच्या हिताची आहे, आणि स्त्रियांना कामावर ठेवून मालकाला फायदा होतो म्हणून त्यानेही भार उचलावा. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात हा कायदा झाला. आज पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असलीच पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ दिले पाहिजे.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर नवरा किंवा बायको, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांना ईएसआयचे उपचार मिळतात. त्यांची नावे नोंदली आहेत का, हे आजच तपासा. मात्र ईएसआयचा आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी असेल तरच मिळतो. घरच्या रोग्याची सेवा करण्यासाठी खासगी कामगाराला वेगळी पगारी रजा कायद्यात नाही. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. त्याच कचेरीत झाडू मारणाऱ्या कंत्राटी बाईला ती नाही. ही उणीव संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर मालकाशी बोलणे हाच मार्ग उरतो.

कसे मागायचे

अडचण अंगावर येण्याआधी बोला. दवाखान्याचे कागद सोबत न्या. एकच मागणी करा आणि बदल्यात काय देणार तेही सांगा. उदाहरणार्थ: "साहेब, माझ्या मिस्टरांचे डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी असते. त्या दोन दिवशी मला दुपारची पाळी द्या. रविवारी सकाळी माणूस कमी पडतो, तेव्हा मी येईन." ठरले ते कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

घरकामगार भगिनींना तक्ता नसतो आणि मुकादमही नसतो. त्यांनी शेजारच्या एका बाईशी जोडी लावावी आणि दोघींची घरे एकमेकींना दाखवून ठेवावीत. बदलीच्या दिवसाचे पैसे कुणाला, हेही आधीच ठरवावे. महिन्याच्या सुट्ट्या काम धरतानाच ठरवून घ्याव्यात.

आपल्यातले काही जण स्वतः ठेकेदार आहेत, काहींचे शिलाईचे किंवा केटरिंगचे काम आहे. चार माणसे हाताखाली असतील तर वरचे सगळे आपल्यालाही लागू आहे.

पुरुषांना एक सांगणे. सेवा सुनेची आणि रजाही सुनेनेच मागायची, असे चालू देऊ नका. मुलाने महिन्यातून दोन दिवस मागितले तरी तिची नोकरी वाचू शकते. सेवा करणाऱ्यांनी स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नयेत, आणि रोग्याला एकट्याने उचलू नये. कंबर कायमची जाते.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गल्लीत कामावर जाऊन रोग्याची सेवा करणारे किती जण आहेत?
२. त्यांचा खाडा वरीलपैकी कोणत्या प्रकारचा आहे?
३. दुपारी दोन तास रोग्याजवळ बसायला कोण येऊ शकेल?
४. कोणत्या मालकाशी चार जणांनी मिळून बोलता येईल?