‘मेक अप’ शिकवताना

नांदेड आणि लातूरच्या पोरांना स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवताना काही गोष्टी हाती लागल्या. एमपीएससीच्या गट ब, गट क मुख्य परीक्षेला मराठी-इंग्रजीचा पेपर असतो, त्यामुळे हा विषय टाळून चालत नाही. उदाहरण एकच घेतो: ‘मेक अप’.

1. ओळखीचा शब्दच जास्त नडतो. ‘एट डिस्ट्रिक्ट्स मेक अप मराठवाडा’ असं फळ्यावर लिहिलं, की मागच्या बाकावरून हमखास येतं, “सर, जिल्हे मेकअप करायलेत!” वर्ग हसतो. हसू द्यावं. मग सांगावं, आठ जिल्हे मिळून मराठवाडा होतो. उलटं म्हणायचं तर ‘मराठवाडा इज मेड अप ऑफ एट डिस्ट्रिक्ट्स’. इथला ‘ऑफ’ बरेच जण गिळतात.

2. अर्थांची यादी पाठ करायला लावू नये. ‘लातूर पॅटर्न’च्या मुलखात हे बोलणं म्हणजे धाडसच! पण ‘काढणे’ आपण कधी पाठ केलं होतं? दिवस काढले, पळ काढला, माग काढला, खोड काढली. घरच्यांच्या तोंडून सगळं वाक्यासकट कानावर पडलं. ‘मेक अप’ही तसाच द्यावा. ‘ही मेड अप अ स्टोरी’, म्हणजे रचून सांगितलं. ‘शी मेड अप हर माइंड’, म्हणजे तिचं ठरलं. दोघं भांडले आणि ‘दे मेड अप’, म्हणजे पुन्हा बोलायला लागले.

3. ‘फॉर’ जोडला की तूट भरून काढणं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. ‘द ट्रेन कुड नॉट मेक अप फॉर द फेल्ड रेन्स.’ पावसाची कसर त्या गाडीने भरून निघाली नाही. ज्यांनी तेव्हा घागरी घेऊन रांगा लावल्या, त्यांना हा ‘फॉर’ वेगळा समजावावा लागत नाही.

4. ‘इट’ मधेच बसतो. ‘मेड अप अ स्टोरी’ चालतं, ‘मेड अ स्टोरी अप’ही चालतं, पण ‘मेड अप इट’ नाही, ‘मेड इट अप’च. चूक शोधायच्या प्रश्नात गुण इथेच जातात.

5. नीटवाल्या लेकरांसाठी. नीटचे 720 गुण फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे, म्हणून अकरावीतच इंग्रजी कोपऱ्यात पडतं. बारावी बोर्डाचा इंग्रजीचा 80 गुणांचा लेखी पेपर मात्र द्यावाच लागतो, आणि पुढे एमबीबीएसची पुस्तकंही इंग्रजीतच. रोज एक वाक्य वहीत उतरवा, शक्यतो आपल्याच गावातलं.