सुट्टी घेऊनही हा थकवा का जात नाही?

प्रश्न : माझी वहिनी केज तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या एका अल्पवयीन मुलीचं लग्न थांबल्यापासून तिला धड झोप नाही. कामाचं नाव काढलं की चिडते. दिवाळीच्या सुट्टीनंतरही तेच. हाच ‘बर्नआउट’ का? तो आजार असतो का?
– एक वाचक, बीड

उत्तर : लक्षणं तशीच दिसतात. मात्र जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार मानत नाही. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा तो परिणाम, असं तिने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच्या खुणा तीन : अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं आणि ‘माझ्या करण्याने काही होत नाही’ असं वाटू लागणं. सुट्टीने पहिली खूण थोडीफार कमी होते. उरलेल्या दोन मात्र कामाच्या घडणीतूनच येतात.

बीडमध्ये ती घडण पाहा. सेविका मुलांची वजनं, आहार, लसीकरण सांभाळते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं उसाच्या फडांकडे निघतात, लहान मुलंही सोबत जातात आणि हंगाम सरल्यावरच परततात. तिने सांभाळलेलं असं मध्येच तुटतं. लेकीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापांची धास्ती. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, हा हिशेब. त्यातून लग्नं लवकर उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं.

गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो ग्रामसेवक. सेविकेने त्याला साहाय्य करायचं. पण ग्रामसेवकाची बदली होते, सेविका त्याच गावची सून असते. खबर कुणीही दिलेली असो, बोट तिच्याकडेच वळतं. दुसऱ्या दिवशी त्याच घरी पोषण आहार घेऊन जायचं असतं. अधिकार दुसऱ्याचा आणि रोष तिच्या वाट्याला, तोही पगारावर नव्हे तर मानधनावर. ताण इथे मुरतो.

म्हणून उपायही कामाच्या रीतीतच शोधावा लागतो. बालविवाहाची माहिती १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर द्यावी. सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. पुढची जबाबदारी ग्रामसेवक, पोलीस आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची आहे, हे पर्यवेक्षिकेला लेखी कळवावं. समजूत घालायला वहिनींनी एकटीने जाऊ नये. लग्न दुसरीकडे गुपचूप लागेल अशी धास्ती असेल, तर प्रतिबंध अधिकाऱ्याने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवावा. २००६ च्या कायद्यानुसार तो हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. मग ‘माझं करणं वाया गेलं’ ही टोचणीही कमी होते.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, तर चिंता किंवा नैराश्याचा आजार नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मोफत बोलता येतं. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच. पहिल्या खेपेला तुम्ही सोबत जा.