चेहऱ्यावरील पुळ्या व कंड

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आमच्या वाचकांपैकी कित्येकांस असा अनुभव असेल की, सकाळी उठावे तो गाल, पापण्या व मान यांवर बारीक पुळ्या आलेल्या, आणि कंड तर असा की हात आवरत नाही. घरात कोणी त्यास देवीचा कोप म्हणतात, तर कोणी महारोगाची शंका घेऊन पाण्याचा तांब्या निराळा ठेवितात. हा दुसरा तर्क दुःखितावर मोठा अन्याय करितो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यास बहुधा कंड सुटत नाही. उलट तेथे टोचलेलेही कळेनासे होते. शिवाय तो रोगही आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या औषधांनी बरा होतो. तेव्हा तांब्या निराळा करण्यास तेथेही कारण नाही.

पुष्कळ वेळा ह्या कंडाचे मूळ रक्तात नसून चेहऱ्यास जे लागले त्यात असते. रानातला बिब्बा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या टरफलातील तेल अंगास लागले की कातडी उतते. धोबी ह्याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत, व ती खूण मानेस घासून तेथे पुळ्या उठत. दुसरा शत्रू गाजर गवत. अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५६ च्या सुमारास पुण्याकडे दृष्टीस पडली, आणि आज बांध व रस्त्यांच्या कडा तिने व्यापिल्या आहेत. तिला हात लावावयासच पाहिजे असे नाही. तिचे पराग व वाळलेला चुरा वाऱ्याने उडून तोंडावर बसतो. दहा वर्षे त्याच गवतात राबलेल्या मनुष्यासही एके दिवशी ते बाधू लागते. म्हणून “पूर्वी कधी झाले नाही” एवढ्यावरून त्यास निर्दोष ठरवू नये. केसांचा कलप, टिकलीचा डिंक, नवा साबण, ह्यांवरही नजर ठेवावी. पंधरा दिवस कागदावर लिहून ठेवावे की, कोठे गेलो, काय लाविले, कंड केव्हा वाढला.

तोवर चेहरा थंड पाण्याने धुवावा, ओल्या स्वच्छ फडक्याची घडी ठेवावी, नखे कापावी. लिंबू, चुना, झाडपाल्याचा रस काही लावू नये. गवत उपटणे झाल्यास ते फुलण्यापूर्वी, हात व तोंड झाकून उपटावे, आणि घरी येताच कपडे बदलावे.

दुकानातून आणिलेल्या मलमाच्या नळीविषयी मात्र आम्हांस कडक शब्द लिहिणे भाग आहे. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत कंड थांबतो, म्हणून लोक ती महिनोन्‌महिने लावितात. मग कातडी पातळ व लाल होते, तोंडावर लव वाढते, आणि नायटा असल्यास तो दडून पसरतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली, तरी ती सर्रास मागितली जातात.

आठ दिवसांत उतार न पडल्यास तो कागद घेऊन शहापूर किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात जावे, आणि लाविलेली नळीही न लाजता दाखवावी. डोळे वा ओठ सुजले, किंवा श्वास लागला, तर आठ दिवस नव्हे, एक घटकाही थांबू नये.