विधवेचे तेल आणि आपली वही

(वाचन : राजांचे दुसरे पुस्तक, अध्याय ४, वचने १ ते ७)

कर्ज या विषयावर आपण चर्चमध्ये फारसे बोलत नाही. घरातही बोलत नाही. पण कुटुंबांना भेटी देताना आम्हांला जे दिसते, त्यावरून वाटते की आपल्या धर्मग्रामात अनेक घरांची झोप याच विषयाने उडाली आहे. म्हणून या रविवारी बायबलमधील एक छोटी गोष्ट घेऊ या.

एका विधवेचा नवरा वारला आहे. तो संदेष्ट्यांच्या मंडळातला, देवाचे भय धरणारा माणूस होता. तरीही तो मागे कर्ज ठेवून गेला. आता सावकार आला आहे आणि तिच्या दोन्ही मुलांना गुलाम म्हणून नेणार आहे. ती अलीशा संदेष्ट्याकडे धाव घेते. अलीशा तिला विचारतो की घरात काय आहे. ती सांगते, थोडेसे तेल, बाकी काही नाही. तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, मुलांना घेऊन दार लावून घ्यायला सांगतो आणि भांड्यांत तेल ओतायला सांगतो. सगळी भांडी भरतात. शेवटी अलीशा तिला तीन गोष्टी क्रमाने सांगतो : तेल विकावे, कर्ज फेडावे आणि जे उरेल त्यावर तिने व मुलांनी गुजराण करावी.

या गोष्टीतला चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो, पण शेवटचा क्रम राहत नाही. आपल्या घरात तो नेमका उलटा असतो. पगार होतो, आधी खर्च होतो आणि उरले तर कर्जाला. उरत काहीच नाही. महिनाअखेर हप्ता चुकतो, त्यावर दंड लागतो आणि दंड भरायला दुसरीकडून हातउसने घेतले जातात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो नवरा भक्तिमान होता आणि कर्जबाजारीही होता. कर्ज म्हटले की आपण लगेच दारू, जुगार नाहीतर उधळेपणा यांकडे बोट दाखवतो. तसेही असते, नाही असे नाही. पण इस्पितळाचे बिल, मुलाच्या प्रवेशाचे पैसे, पावसाआधी करावी लागलेली घराची डागडुजी, सहा महिने बंद पडलेली नोकरी, यांतूनही माणूस बुडतो. कर्जदाराला आधी लाज वाटायला लावली की तो कर्ज लपवतो, आणि लपवलेले कर्ज फार वेगाने वाढते.

घरात काय आहे?

अलीशाने पैसे दिले नाहीत, आधी हा प्रश्न विचारला. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की एक दोनशे पानी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर सर्व देणी लिहावीत. कोणाचे, किती, व्याज किती, दरमहा किती भरतो. वाण्याची उधारीसुद्धा. मेव्हण्याकडून घेतलेले पाच हजारसुद्धा. समोरच्या पानावर घरात येणारा प्रत्येक रुपया लिहावा.

हे काम नवरा-बायकोने एकत्र करायचे आहे. बायबलमध्ये दार बंद आहे, म्हणजे गावाला तमाशा दाखवायचा नाही. पण मुले दाराच्या आत आहेत. आपल्याकडे नेमके उलटे घडते. नाक्यावरच्या चार मित्रांना कर्ज माहीत असते आणि घरच्या बाईला पत्ता नसतो. कधी तिचाही बचतगटाचा हप्ता थकलेला असतो आणि त्याला ठाऊक नसतो. ही वही उघडण्याच्या रात्री भांडण होते, हे आम्ही पाहिले आहे. होऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. दहावी-बारावीतल्या मुलांनाही काही आकडे सांगावेत. त्यांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळते.

व्याज लिहिताना फसायला होते. ‘शेकडा तीन’ ऐकायला थोडे वाटते, पण ते महिन्याचे असते. वर्षाचे छत्तीस टक्के होतात. ‘वर्षाला फक्त बारा टक्के’ असे सांगणाराही मूळ रकमेवर शेवटपर्यंत तेच व्याज लावत असेल, तर हिशेब बदलतो. साठ हजार रुपये दोन वर्षांसाठी असे घेतले की व्याज १४,४०० आणि हप्ता ३,१०० रुपये होतो. पण मुद्दल दरमहा कमी होत असते, म्हणून खरा दर वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के पडतो. कर्ज घेताना ‘घटत्या शिलकीवर व्याज किती?’ असे विचारावे आणि उत्तर कागदावर मागावे.

क्रेडिट कार्डाचे तर विचारूच नका. कार्डावर चाळीस हजार थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर पहिल्याच महिन्यात १,४०० रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्क्यांनी २५२ रुपये जीएसटी होतो. बिलावर किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,००० लिहिलेली असते. ती भरून आपण निर्धास्त होतो. मुद्दल फक्त ३४८ रुपयांनी कमी झालेले असते.

एका घराचे गणित

आता कल्पनेतले एक कुटुंब घेऊ. नवऱ्याचा पगार ३२,००० आणि बायकोला डबे करून ६,०००, मिळून ३८,००० रुपये. घर वडिलोपार्जित, भाडे नाही. देणी अशी : क्रेडिट कार्ड ४०,०००; बँकेत गहाण सोन्यावर ९०,०००, वर्षाला दहा टक्के; पतपेढीचे १,२०,०००, तेरा टक्के, हप्ता ४,०००; वाण्याची उधारी ६,०००; आणि मोठ्या भावाकडून बिनव्याजी घेतलेले ५०,०००. एकूण तीन लाख सहा हजार.

अलीशाच्या क्रमाने आधी कर्ज. त्यांनी पगाराच्या दिवशीच ११,००० बाजूला काढले. उरले २७,०००. त्यातून किराणा, दूध, गॅस, भाजी-मासळी १२,५००; वीज, पाणी, फोन २,५००; मुलांची फी व वह्या ५,०००; प्रवास २,०००; औषधे १,२००; चर्च आणि गरजूंना मदत ५००; कपडे, सण, आहेर १,८००; आणि अडचणीच्या डब्यात १,५००. हा डबा कर्ज असताना कशासाठी, असे कोणी विचारील. डबा नसेल तर मूल तापाने फणफणल्यावर पुन्हा कार्डच बाहेर निघते, म्हणून.

त्या ११,००० पैकी पतपेढीला ४,०००, सोन्याचे व्याज ७५०, भावाला १,०००, वाण्याला १,०००, आणि राहिलेले ४,२५० कार्डाला. कार्ड कपाटात बंद. सर्वांत महाग कर्ज आधी मारायचे, बाकीच्यांना फक्त ठरलेले द्यायचे. सहा महिन्यांत वाणी मोकळा होतो. त्याचे हजार रुपये घरखर्चात न मिसळता कार्डाकडे वळवले, तर अकराव्या महिन्यात कार्ड शून्य होते. मग ते सगळे पैसे सोन्याकडे : आणखी सुमारे सोळा महिने. नंतर भाऊ, शेवटी पतपेढी. असे सुमारे पावणेतीन वर्षांत हे घर कर्जमुक्त होते, आणि तेही पगार एक रुपयाने न वाढता. दिवाळीचा बोनस आला, भाताचे किंवा केळीचे चार पैसे जास्त आले, तर त्याहूनही लवकर. सोन्यावरचे कर्ज अनेकदा वर्षाच्या मुदतीचे असते. ते वेळेवर नूतनीकरण करावे आणि मधेच थोडे थोडे मुद्दल घेतात का, हे बँकेत विचारून ठेवावे.

आकडे प्रत्येक घराचे वेगळे. कोणाला ११,००० जमणार नाहीत, तीन हजारच जमतील. तरी ते तीन हजार पहिल्या तारखेचेच असावेत.

इथे सोन्याबद्दल एक शब्द. गहाण पडलेल्या सहा बांगड्यांपैकी दोन विकल्या तर बाकीच्या चार घरी येतील, असा हिशेब आज बऱ्याच घरांत बसतो. सोन्याचे भाव २०२५ मध्ये कुठच्या कुठे गेले. बांगड्या हेच त्या घरातले तेल असू शकते. पण विकायच्या की नाही, हे जिच्या त्या बांगड्या आहेत तिने ठरवायचे. नवऱ्याने नाही, सासूनेही नाही.

मागच्या दाराने निघून जाणे

वरच्या गणितात भावाच्या ५०,००० वर व्याज नाही. हिशेबी माणूस म्हणेल, त्याला शेवटी देऊ. आम्हांला ते पटत नाही. बिनव्याजी पैशाचे व्याज नात्यातून जाते. देणारा मागत नाही, म्हणून घेणारा त्याच्यासमोर जायचे टाळतो. रविवारी मिस्सा संपली की तो पुढच्या दाराशी उभा असतो, म्हणून आपण मागच्या दाराने निघून जातो. मग त्याच्या मुलीच्या दृढीकरणालाही काहीतरी निमित्त सांगून जात नाही. दोन वर्षांनी पैशाचे कारण कोणालाच आठवत नाही, फक्त अबोला उरतो. दरमहा हजार रुपये हातात नेऊन द्यावेत. नाही जमले तर पाचशे. तेही नाही जमले तर जाऊन सांगावे की या महिन्यात जमत नाही. देवाणघेवाणीतल्या न्यायाविषयी बोलताना ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्रमांक २४११) कर्ज फेडण्याची गणना न्यायाच्या कर्तव्यात करतो, दयेच्या नाही. म्हणजे फेडणे हे उपकार नव्हेत. ते समोरच्याचेच आहे.

आणि जामीन. आमच्यापैकी एकाने मित्रासाठी एका पतपेढीत जामीन म्हणून सही केली होती. मित्र परगावी निघून गेला आणि हप्ते चार वर्षे याच्या पगारातून गेले. जामीन म्हणजे साक्षीदार नव्हे. सही करताना तेवढे कर्ज आपल्याच वहीत लिहावे, आणि ते लिहिताना हात थांबला तर सही करू नये.

सोहळे

हे लिहिताना जरा भीड वाटते, पण लिहितो. आपल्या समाजातली बरीचशी कर्जे हॉल, बँड आणि जेवणावळीची आहेत. लग्नाचे एक वेळ समजू शकते, पण आता प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठीही स्टेज आणि दोनशे पाने लागतात. त्या दिवशी मुलाला जे मिळते ते वेदीवर मिळते, फुकट मिळते. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८) सांगितले आहे. पाहुण्यांची यादी करण्याआधी वही उघडावी. आणि कर्ज फिटेपर्यंत सणाची वर्गणी कमी द्यावी लागली तर खुशाल कमी द्यावी. उधार काढून दिलेल्या दानाची चर्चला गरज नाही.

तेलच नसेल तर

काही घरांत कितीही काटकसर केली तरी गणित जुळत नाही. अशा वेळी हप्ता चुकायच्या आधी बँकेत जावे, नंतर नाही. मुदत वाढवून हप्ता लहान करून मागता येतो. व्याज एकूण जास्त जाते, पण घर चालते. एका कर्जासाठी दुसरे कर्ज काढायचेच असेल, तर ते पहिल्यापेक्षा स्वस्त असेल तरच काढावे, आणि पहिले त्याच दिवशी बंद करून दाखला घ्यावा. वाडीचा तुकडा विकायचा विचार मनात आला तर एकट्याने दलालाकडे जाऊ नये. कर्ज तीन लाखांचे असताना घाईने जमीन विकणारे पुढे उरलेले पैसेही गमावून बसतात.

मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जापासून सांभाळून राहा, विशेषतः तरुणांनी. अशा अ‍ॅपनी फोनमधील नावे-नंबर घेऊ नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, धमकावू नये, हेही त्याच वर्षी सांगितले आहे. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. परवाना नसताना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार गुन्हा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात करावी. कर्जाच्या चिंतेने कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणि धर्मगुरूंचे दार रात्रीही वाजवावे.

आपल्या वसईतल्या कॅथलिक बँकेची सुरुवात १९१८ सालची. अडल्यानडल्याला सावकाराच्या दारात उभे राहावे लागू नये, म्हणून आपल्याच माणसांनी आपापले थोडे थोडे पैसे एकत्र आणले होते. त्या विधवेलाही शेजाऱ्यांनी रिकामी भांडीच दिली होती, भरलेली नाहीत. शेजारी म्हणून आपल्याला एवढे करता येईल : कोणी अमुक सोहळा साधेपणाने केला तर त्याची चर्चा करू नये, आणि कोणी आपल्याजवळ कर्जाविषयी बोलला तर ते आपल्यापाशीच ठेवावे.

ज्यांना वही कशी मांडावी हे समजत नसेल, त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयाशेजारच्या खोलीत यावे. आमच्यापैकी दोघे तिथे बसतात. नाव लिहून घेत नाही. येताना कर्जाचे कागद, मागच्या तीन महिन्यांची बिले आणि शक्य असल्यास घरच्या माणसाला सोबत आणावे.