कॅमकॉर्डर पारखताना

तुमच्यापैकी काहींच्या घरी कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर एक काळी पिशवी असेल. ती खाली उतरवून पाहा. आत हातात मावणारा एक व्हिडिओ कॅमेरा, त्याचा चार्जर, गुंडाळून ठेवलेल्या दोन-तीन वायरी आणि ऑडिओ कॅसेटच्या आकाराच्या काही कॅसेटी सापडतील. कॅसेटींवर पेनने लिहिलेले असेल : मावशीचे लग्न, आजोबांची साठीशांत. हे यंत्र म्हणजे कॅमकॉर्डर. कॅमेरा आणि रेकॉर्डर या दोन शब्दांची सांगड घालून हे नाव तयार झाले. आज त्याचे बहुतेक काम मोबाइल फोन करतो. पण असे यंत्र पारखण्याची रीत दोन्हींना सारखीच लागू पडते, आणि ती मी एका चुकीतून शिकलो.

२००१ सालची गोष्ट. माझा एक माजी विद्यार्थी लग्नसमारंभांचे चित्रण करण्याचा व्यवसाय सुरू करणार होता. पतपेढीचे कर्ज मंजूर झाले होते. कोणता कॅमेरा घ्यावा हे विचारायला तो दोन माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आला. एकावर ‘१० पट झूम’ असे छापलेले होते, दुसऱ्यावर ‘३०० पट झूम’. किंमत जवळजवळ सारखीच. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक असूनही दुसऱ्यावर बोट ठेवले! पहिलेच काम मिळाले ते संध्याकाळच्या स्वागतसमारंभाचे. मैदानात मांडव आणि जनरेटरवर चालणारे मोजके दिवे. घरी येऊन त्याने कॅसेट टीव्हीवर लावली, तेव्हा नवरानवरीचे चेहरे वाळूत काढल्यासारखे दिसत होते. मुलीच्या वडिलांनी ठरलेले उरलेले पैसे दिले नाहीत. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या आत डोकावले पाहिजे. भिंगामागे नखाहूनही लहान अशी सिलिकॉनची एक चकती असते. तिला सीसीडी म्हणतात. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली तिची कल्पना मांडली, आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकातील वाटा मिळाला. चकतीवर लक्षावधी सूक्ष्म खाचा असतात. प्रकाश पडला की प्रत्येक खाचेत इलेक्ट्रॉन साठू लागतात. जेथे प्रकाश अधिक, तेथे इलेक्ट्रॉन अधिक. ते मोजायचे कसे? इमारतीचा स्लॅब टाकताना कामगार ओळीने उभे राहून काँक्रीटची घमेली हातोहात पुढे देतात, हे तुम्ही पाहिले असेल. सीसीडीमध्ये प्रत्येक खाच आपला विद्युतभार शेजारच्या खाचेला देते, ती पुढच्या खाचेला, आणि टोकाशी एकेका घमेल्याचे जणू वजन होते. आपल्याकडील टीव्हीच्या पद्धतीत हे सारे एका सेकंदात ५० वेळा घडते.

म्हणजे प्रकाश गोळा करायला प्रत्येक खेपेला फार तर १/५० सेकंद मिळतो. आता प्रकाशकण काही शिस्तीत येत नाहीत. पावसाच्या थेंबांप्रमाणे ते कसेही पडतात. एखाद्या खाचेत सरासरी १०,००० इलेक्ट्रॉन साठत असतील, तर त्यात साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा, चढउतार होतो. हा झाला १ टक्का. डोळ्याला तो जाणवतही नाही. पण अंधाऱ्या मांडवात १०० च इलेक्ट्रॉन साठले, तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के! कॅमेरा हा क्षीण संकेत वर्धकाने मोठा करतो, पण त्याबरोबर चढउतारही मोठा होतो. त्या चेहऱ्यांवरची वाळू ही होती.

म्हणून कॅमेरा हाती आला की प्रथम विचारावे, हा किती प्रकाश गोळा करतो? खोक्यावर त्यासाठी ‘किमान ४ लक्स’ यासारखा एक आकडा असतो. लक्स हे प्रदीपनाचे एकक. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, संध्याकाळी दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत १०० च्या आसपास, तर पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्स. पण या ४ लक्स प्रकाशात चित्र कसे दिसेल, हे खोक्यावर लिहिलेले नसते. काही यंत्रे अंधारात १/५० ऐवजी १/४ सेकंद प्रकाश साठवतात आणि आकडा खाली आणतात. मग हलणारा माणूस भुतासारखा फराटा ओढत जातो. ‘० लक्स’ लिहिलेला कॅमेरा तर स्वतःच अवरक्त प्रकाशाचा झोत टाकतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, सिलिकॉनला दिसतो. टीव्हीचा रिमोट जुन्या कॅमकॉर्डरच्या भिंगासमोर धरून त्याचे बटण दाबा, टोकावरचा दिवा पडद्यावर लुकलुकताना पुष्कळदा दिसेल.

खोक्यावर विसंबण्यापेक्षा एक प्रयोगच करा. रात्री मोठ्या खोलीतील सर्व दिवे मालवून ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब झाकण न लावता एका टोकाला लावा. असा बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन प्रकाश देतो. तो सर्व दिशांना सारखा पसरतो असे धरले, तर १ मीटर अंतरावर ७०० भागिले ४π, म्हणजे सुमारे ५५ लक्स मिळतात. व्यस्त वर्गाच्या नियमाने २ मीटरवर १४ आणि ४ मीटरवर साडेतीन. भिंतींवरून परावर्तित झालेला प्रकाश मिळून प्रत्यक्षात थोडे अधिकच. आता वर्तमानपत्राचे पान बल्बकडे तोंड करून या तीन अंतरांवर क्रमाने उभे करा आणि प्रत्येक वेळी कॅमेरा पानापासून सारख्याच अंतरावर ठेवून चित्रण करा. कॅमेऱ्याची सावली पानावर पडू देऊ नका. पानापुढे मित्राला हात हलवायला सांगा. नंतर चित्र कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर न पाहता मोठ्या टीव्हीवर पाहा. मथळा कोठपर्यंत वाचता येतो, बारीक अक्षर कोठे हरवते, हाताचा फराटा कोठे सुरू होतो, हे वहीत लिहा. दोन कॅमेरे किंवा दोन फोन असे शेजारी-शेजारी तपासले की माहितीपत्रक वाचायची फारशी गरज उरत नाही. (शिक्षकांना हा प्रयोग नववी-दहावीच्या तासाला घेता येईल.)

चकतीचा आकारही पाहावा. तो १/४ इंच, १/३ इंच असा सांगतात. ही मापे जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या व्यासावरून चालत आली आहेत, ती चकतीची खरी मापे नव्हेत. तरी तुलनेला ती चालतात : १/४ इंची चकतीचे क्षेत्रफळ १/३ इंचीच्या जवळजवळ निम्मे असते, म्हणजे तिच्यावर पडणारा प्रकाशही तेवढाच कमी.

आता त्या ३०० पट झूमकडे वळू. आमच्या कॅमेऱ्यात भिंगाचे नाभीय अंतर बदलून मिळणारा खरा झूम १२ पटच होता. उरलेला २५ पट झूम केवळ इलेक्ट्रॉनिक होता. डिजिटल चित्रात आपल्या पद्धतीप्रमाणे आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू असतात. २५ पट मोठे करायचे म्हणजे मधला एवढासा तुकडा कापून ताणायचा. ७२० भागिले २५ म्हणजे २९, आणि ५७६ भागिले २५ म्हणजे २३. एकूण ६६७ बिंदू. एवढ्या बिंदूंत नवरीचा चेहरा तर सोडाच, नवरी कोणती हेही कळत नाही! खरा झूमही फुकट मिळत नाही. १२ पट झूमला हाताचा कंपही १२ पट मोठा दिसतो, आणि बऱ्याच भिंगांत छिद्राचा आकडा १.६ वरून ३.२ सारख्या मोठ्या आकड्याकडे सरकतो. आकडा दुप्पट झाला की आत येणारा प्रकाश चौथाई होतो. मांडवाच्या मागच्या टोकाला उभे राहून झूम करण्यापेक्षा दहा पावले पुढे जावे.

आवाजाकडे तर कोणी पाहतच नाही. कॅमेऱ्यातला मायक्रोफोन नवरानवरीपासून सहा मीटरवर, आणि गप्पा मारणारे पाहुणे त्याच्यापासून एक मीटरवर! शिवाय आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे मंडल असते. अक्षता पडल्या आणि बँड एकदम सुरू झाला की ते पातळी खाली ओढते. मग शेजारी कोणी काही बोलले तरी क्षणभर ऐकू येत नाही. शांततेत तेच मंडल पंख्याची घरघर वर उचलते. धंद्यासाठी कॅमेरा घेणाऱ्याने बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची खाच आहे ना, हे झूमच्या आधी पाहावे.

राहिली फीत. घरगुती वापरासाठी कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात आणणारे पहिले यंत्र सोनीने १९८३ साली विक्रीस काढले. त्यात चित्रण करता येई, पण ते पाहता येत नसे. १९८४ साली जेव्हीसीचा लहान व्हीएचएस कॅसेटीचा कॅमेरा आणि १९८५ साली सोनीचा ८ मिलिमीटर फितीचा कॅमेरा आला. १९८९ साली सोनीने हे वजन ७९० ग्रॅमवर आणले, आणि १९९५ पासून डिजिटल फीत सुरू झाली.

या ८ मिलिमीटर फितीत एक मजेदार युक्ती आहे. टीव्हीच्या चित्राचा संकेत सेकंदाला सुमारे ५० लक्ष कंपनांपर्यंत जातो. तो फितीवर उमटायचा, तर फीत आणि चुंबकीय हेड यांच्यातला वेग सेकंदाला ३ मीटरहून अधिक हवा. स्थिर हेडवरून या वेगाने फीत ओढली, तर एका तासाला ११ किलोमीटर फीत लागेल! म्हणून हेडच फिरवतात. ४ सेंटिमीटर व्यासाचा एक दंडगोल सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. ४ गुणिले π गुणिले २५ म्हणजे सेकंदाला ३१४ सेंटिमीटर. फीत त्याच्याभोवती तिरकी गुंडाळलेली असते आणि सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर सरकते. त्यामुळे चित्र तिच्यावर तिरक्या रेघांनी लिहिले जाते आणि तासाला ७२ मीटर फीत पुरते. गंमत म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट आठवा. तेथे सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे असतात आणि दंडगोल जवळजवळ ३० फेऱ्या मारतो. तेव्हा ती आपल्याकडच्या एकपद्धती यंत्रावर नीट न दिसणे स्वाभाविकच होते.

या रेघा इतक्या बारीक असतात, की त्या वाचायला त्याच जातीचे यंत्र लागते. अशी यंत्रे आता कोणी बनवीत नाही. व्हीएचएस व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. म्हणजे कपाटातला तो कॅमेरा आता चित्रण करण्यासाठी नव्हे, तर त्या कॅसेटी वाचण्यासाठी मोलाचा आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढे कमी झूमचा जुना कॅमेरा, एक दिवा आणि एक मायक्रोफोन घेऊन धंदा सावरला. आज त्याचे निम्मे काम लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देण्याचे आहे. १९९९ नंतरचे डिजिटल-८ जातीचे बरेच कॅमेरे जुन्या ८ मिलिमीटर फितीही वाचतात, त्यामुळे तो त्यांच्या शोधात असतो. तासाची फीत उतरवायला पुरा तास लागतो, त्यात घाई करता येत नाही.

तुम्हाला घरी हे करायचे असेल तर वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या. कॅसेटीच्या खिडकीतून फीत पाहा. पावसाळी दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक फितीवर जाते. कॅमेरा वर्षानुवर्षे पडून राहिला असेल, तर त्याचे रबरी चाक चिकट झालेले असू शकते. तेव्हा पहिली कॅसेट बिनमहत्त्वाची घ्या. टीव्हीवरचा एखादा क्रिकेटचा सामना उतरवलेली असली तर फारच उत्तम. पाच मिनिटे चालवून ती बाहेर काढा, झाकण उचलून फितीची कड उजेडात धरा. कड चुरगळलेली दिसली तर कॅमेरा आधी दुरुस्तीला न्यावा. सरळ असेल, तर मग आजोबांची.